दिलातली गोष्ट

आमची मुन्नी आता तिसरीत आहे. तिच्या छातीवर मधोमध एक उभा व्रण आहे. कोणी विचारलं तर "मेरा ऑपरेशन हुआ ना," म्हणते आणि खेळायला पळते. तीन वर्षांपूर्वी एवढा सरळ जवाब आम्हा दोघांनाही देता येत नव्हता.

आम्ही नवरा-बायको सोलापुरात उर्दू माध्यमाच्या शाळांत शिकवतो. 2013 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत आलं की पोरांना रांगेत उभं करायचं, वजन-उंची रजिस्टरात चढवायची, हे आमचंच काम. तेच पथक मोहल्ल्यातल्या अंगणवाडीत गेलं आणि आमच्या मुलीच्या छातीवर डॉक्टरबाईंचा स्टेथोस्कोप जरा जास्त वेळ थांबला. पुढे टू-डी इको झाला. दिलाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला छिद्र होतं.

विज्ञानाच्या तासाला आम्ही इब्न-उल-नफीसचं नाव अभिमानानं घेतो. या हकिमानं 13व्या शतकात लिहून ठेवलं, की दिलाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला छिद्रं नसतात, रक्त एका बाजूकडून दुसरीकडे जातं ते फुफ्फुसांतून. जालिनूससारख्या बड्या हकिमाची चूक त्यानं दाखवली. फळ्यावर ते चार कप्पे काढताना आम्ही कधी अडखळलो नाही. पुण्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी कागदावर तेच चार कप्पे काढले, वरच्या रेघेत थोडी जागा मोकळी सोडली आणि आम्हाला काही सुचेना.

मुन्नीला वरवर काही त्रास नव्हता. अंगानं बारीक, सर्दी-खोकला वरचेवर, एवढंच. त्यामुळे नातेवाईक म्हणायचे, "खेलती-कूदती बच्ची, उसका सीना कायकू फाडते?" डॉक्टरांनी समजावलं, की छिद्रातून जादा रक्त उजव्या बाजूला आणि तिथून फुफ्फुसांत जातं. दिलाची उजवी बाजू फुगत जाते, आणि फार वर्षं गेली तर फुफ्फुसांचं नुकसान होऊ शकतं. छिद्राची कड पुरेशी नव्हती, म्हणून मांडीच्या नसेतून बटण बसवण्याचा उपाय चालणार नव्हता. छाती उघडून, दिलाच्याच आवरणाचा तुकडा घेऊन ठिगळ लावायचं. तेवढा वेळ दिल थांबलेलं, रक्त यंत्रातून फिरणार. 1952 साली अमेरिकेत मिनेसोटा इथे डॉ. एफ. जॉन लुईस यांनी शरीर थंड करून असंच छिद्र शिवलं, तेव्हा ती मुलगीही पाच वर्षांचीच होती. हे वाचलं आणि थोडा धीर आला.

पण त्याच दिवशी केसपेपर भरताना डॉक्टरांनी विचारलं होतं, "लग्न नात्यातलं आहे का?"

मुन्नीची दादी आणि नाना सख्खे बहीण-भाऊ. आम्ही मान हलवली. त्यांनी एक शब्द लिहिला आणि पुढचा प्रश्न विचारला. परतीच्या गाडीत सोलापूर येईपर्यंत आम्ही एकमेकांशी बोललो नाही. घरी कोणी नजर लागली म्हणत होतं, कोणी ग्रहणाचं काढत होतं. तो बोल एकटीच्या वाट्याला येत होता आणि दुसरा गप्प बसत होता, हेही कबूल करायला हवं. आमच्या मनात मात्र तो केसपेपरवरचा शब्द होता, आणि तो कोणीच उच्चारत नव्हतं.

तयारी म्हणजे पैशांची, असं आम्हाला आधी वाटलं होतं. सरकारी योजनेमुळे तो भार बराच हलका झाला. उरली ती वेगळीच तयारी. आधी दात तपासले. किडलेली दाढ नीट करून घेतली, कारण तोंडातले जंतू रक्तातून दिलापर्यंत जाऊ शकतात. तारीख मिळाली आणि मुन्नीला सर्दी झाली. तारीख पुढे गेली. पुढून बटणं असलेले दोन सैल फ्रॉक शिवून घेतले. शाळेतले चार सहकारी रक्त द्यायला पुण्याला आले. अम्मींनी जमजमची बाटली दिली. मुन्नीला मात्र आम्ही "पुना घूमने जारै" एवढंच सांगितलं होतं.

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी वॉर्डातल्या सिस्टर म्हणाल्या, "तुम्ही शिक्षक ना? मग मुलीला सांगितलं का नाही?" आम्ही खाली बघितलं. बी.एड.ला बालमानसशास्त्राचा पेपर आम्ही दोघांनीही लिहिला होता.

मग बाहुलीच्या छातीवर पट्टी चिकटवून सगळं सांगितलं. आता सकाळपर्यंत खायचं नाही. पोटात अन्न असलं तर भूल देताना धोका होतो. ती "मेरा रोजा है" म्हणाली. उठशील तेव्हा नळ्या असतील, दुखेल, औषध देतील, आम्ही जवळच असू. तिनं नीट ऐकलं. मग हळूच विचारलं, "डॉक्टर दिल के अंदर देखे तो उनको सब बातां दिखते क्या?"

दादीनं तिला सांगितलं होतं, दिलातली बात खुदा जाणतो. आणि तिच्या दिलात एक शार्पनर होतं. अंगणवाडीतल्या मैत्रिणीचं, न विचारता घेतलेलं. पिशवीच्या तळातून तिनं ते काढून दाखवलं. कित्येक रात्री ती दचकून उठत होती, आणि आम्हाला वाटत होतं, सुईची भीती!

आम्ही सांगितलं, डॉक्टरांना फक्त रक्त आणि छिद्र दिसतं. शार्पनर घरी गेल्यावर परत देऊ. ती लगेच झोपली. आम्ही जागेच राहिलो आणि त्या रात्री तो शब्द पहिल्यांदा एकमेकांसमोर उच्चारला. सकाळी संमतीच्या कागदावर सही करताना डॉक्टरांनाही विचारलं. ते म्हणाले, "जवळच्या नात्यातल्या लग्नानं धोका काही प्रमाणात वाढतो. पण अशी पुष्कळ मुलं नात्यात लग्न नसलेल्यांनाही होतात. तुमच्या मुलीचं कारण तेच, असं कोणी सांगू शकत नाही." जवाब अर्धाच होता, पण खरा होता.

थिएटरच्या दारात मुन्नी म्हणाली, "शार्पनर संभालके रखो."

ऑपरेशन नीट झालं. पुढे वर्षभरानं घरात आणखी एक सोयरीक निघाली, तशीच, सख्ख्या भावंडांच्या मुलांची. आम्ही बैठकीत म्हणालो, शरीयतनं इजाजत दिली आहे, हुकूम नाही. ठरवण्याआधी डॉक्टरांचा सल्ला घ्या. अम्मी बरेच दिवस रुसून होत्या. सोयरीक अजून ठरलेली नाही, बोलणं मात्र सुरू झालं आहे.

शार्पनर मुन्नीनं दीड महिन्यानं स्वतः नेऊन दिलं. मैत्रीण ते विसरूनही गेली होती.