खोडलेली ओळ

१९२३ साली पुण्यात स्थापन झालेल्या रविकिरण मंडळातील माधव जूलियन महाविद्यालयात फार्सी शिकवीत, गिरीशही शिक्षकच. मंडळाच्या बैठकींत कविता वाचली जाई, तिच्यावर चर्चा होई. परंतु ही देवघेव कवींची आपसांतली होती. वर्गातील विद्यार्थ्यापुढे कविता येते ती छापील, पूर्ण आणि प्रश्नपत्रिकेच्या छायेत. खोडलेली ओळ त्याला दिसतच नाही. म्हणून वृत्त वा प्रतिमा ही त्याला कवीची निवड न वाटता पाठ करावयाची लक्षणे वाटतात. अध्यापकाने स्वतःची अपुरी कविता वर्गात वाचावी, विद्यार्थ्यांची तितक्याच गांभीर्याने ऐकावी. गुण देण्याचा अधिकार तेवढ्यापुरता बाजूला ठेवण्याचे धैर्य त्यासाठी हवे. अशा वर्गातून कवी निपजतीलच असे नाही. जाणता वाचक मात्र घडू शकेल.