चार नंबर

आकडा मोठा तितकी वस्तू मोठी, असे आपण लहानपणापासून धरून चालतो. पायातल्या वहाणेपासून अंगातल्या सदऱ्यापर्यंत ते खरेही ठरते. पण काही धंद्यांत हा हिशेब साफ उलटा आहे. सुताचा नंबर वाढला की सूत बारीक होते, तारेचा गेज वाढला की तार बारीक होते. बंदुकीच्या छर्ऱ्यांचेही असेच आहे. मी मराठीचा अध्यापक. आकड्यांशी माझा संबंध पेपरांच्या गुणांपुरता. तरी हा उलटा हिशेब मी जन्मात विसरणार नाही.

माझे आजोळ माण तालुक्यातले, म्हसवडजवळचे. माणदेश म्हटला की लोकांच्या डोळ्यांपुढे कुसळे, मेंढरे आणि कोरडी नदी येते. ते खोटे नाही. पण हीच माण नदी अडवून इंग्रजी अमदानीत बांधलेला राजेवाडीचा तलाव तिथून जवळ आहे, आणि दिवाळीच्या सुमारास त्यावर बदके उतरू लागतात. तलवार बदके, थापटे, चक्रवाक हे उत्तरेकडचे पाहुणे. आणि काळ्या चोचीच्या टोकाला हळद, बुडाशी कुंकू लावलेले आपल्याकडचेच हळदीकुंकू. या पक्ष्याला ज्याने हे नाव दिले, त्याच्या नजरेपुढे नक्की कोणीतरी घरचे माणूस असले पाहिजे.

थोरल्या मामांकडे बारा बोअरची दुनळी बंदूक होती. पिकांच्या राखणीचा परवाना होता. बदकांसाठी काही वेगळा कागद होता की नव्हता, हे विचारण्याचे माझे वय नव्हते. १९८९ साल. मी नऊ वर्षांचा.

पहाटे निघताना मामा अंधारात पायांत वहाणा घालीत होते. म्हणाले, "आरं, पेटीतली काडतुसं दे दोन. मोठ्या छर्ऱ्याची." काडतुसांच्या तोंडावरच्या गोल चकतीवर आकडे छापलेले होते : ४, ६, ८. मोठा छर्रा म्हणजे मोठा आकडा! मी मोठ्या शहाणपणाने आठाची दोन काढून दिली. मामांनी ती न पाहताच खिशात टाकली.

तांबडे फुटता फुटता हळदीकुंकूची जोडी काठाकडून उठली. चाळीस यार्डांवर असेल. मामांनी उजव्या नळीचा बार काढला. थोडी पिसे हवेत तरंगली. एक पक्षी कलंडला, सावरला, एक पाय खाली लोंबत ठेवून पाण्यावरून घसरत पलीकडच्या लव्हाळ्यात गेला. जोडीदार वर घिरट्या घालीत ओरडत राहिला.

आम्ही दुपारपर्यंत ते लव्हाळे तुडवले. मांड्यांपर्यंत गाळ. पक्षी सापडला नाही. शेवटी बांधावर बसून मामांनी बंदूक मोडली, डाव्या नळीतले न उडालेले काडतूस काढले आणि उजेडात धरले. बराच वेळ ते त्याकडेच पाहत होते.

"ही लाव्ह्याची हायती," एवढेच म्हणाले. मी रडायच्या बेतात होतो. तर म्हणाले, "तुझी न्हाय चूक. बार भरनाऱ्यानं नंबर बगायचा असतो."

त्या रात्री त्यांनी तीन काडतुसे फोडून छर्रे ताटलीत ओतले. चौथी ढीग बीबीचा. "ह्यो आठ नंबर, ही बाजरी. ह्यो बीबी, शाळू. चार आन् सहा ह्येंच्या मधी." पुढे मी पुस्तकात आकडे पाहिले. इंग्लिश मापाने एका औंसात आठ नंबरचे सुमारे ४५० छर्रे बसतात, सहाचे २७०, चारचे १७०, बीबीचे अवघे ७०. बाजरीची मूठ फेकली तर पसारा दाट पडतो. पण बदकाची छाती तेलकट पिसांच्या जाड गादीखाली असते. लांबून आलेला बारीक दाणा त्या गादीतच दमतो, किंवा कातडीखाली जाऊन बसतो, मारीत नाही. बीबी आत शिरेल, पण दाणे इतके विरळ की पक्षी त्यांच्या मधून सुखरूप निघून जाईल, किंवा एखादाच पंखाला लागेल. म्हणून मोठ्या बदकाला चार, लहानाला सहा. "लागलं तर मराया पायजे, न्हायतर लागाया नगं," मामा म्हणाले. शिकारीच्या वर्णनाची पुष्कळ पुस्तके मी पुढे वाचली, पण नंबर निवडण्याचे इतके सरळ कारण मला कोठे भेटले नाही.

मामांनी त्यानंतर बदकावर बंदूक धरली नाही. मी विचारले तर "डोळं गेलं" म्हणत. डोळे चांगले होते.

वन्यजीव संरक्षणाचा कायदा १९७२ चा; १९९१ च्या दुरुस्तीने शिकारीच्या परवान्यांचा उरलासुरला प्रकारही संपला. त्याच १९९१ साली अमेरिकेत पाणपक्ष्यांवर शिशाचे छर्रे झाडण्यास देशभर बंदी आली, हे मला फार उशिरा कळले. कारण वाचून मी पुस्तक मिटून ठेवले. दाणे दळण्यासाठी बदके तळाचे खडे गिळतात, आणि खड्यांबरोबर पडलेले छर्रेही. शिसे त्यांच्या पोटात झिजते आणि पक्षी विषाने मरतो. तेव्हापासून तिकडे पोलादी छर्रे वापरतात. पोलाद हलके, म्हणून नंबर दोन पायऱ्या मोठा घ्यावा लागतो. मोठा म्हणजे आकड्याने लहान, हे सांगायला नकोच. म्हणजे आमच्या त्या बारातले न लागलेले शेकडो दाणेही तलावाच्या गाळात निवांत पडून होते. मामांना मी हे सांगितले नाही.

गेल्या थंडीत मुलीला घेऊन राजेवाडीला गेलो. मामा आता ऐंशीच्या पुढचे. काठी टेकीत बांधापर्यंत आले. मुलीने दुर्बीण लावली आणि ओरडली, "बाबा, हळदीकुंकू! दोन आहेत!"

मामांनी कपाळावर हात धरून पाण्याकडे पाहिले. दुर्बीण घ्या म्हटले तर नको म्हणाले. ओठ हलत होते. पाणी, लव्हाळे, पक्षी, असे ते टप्प्याटप्प्याने काहीतरी मोजीत होते.

"साठ यार्ड," शेवटी म्हणाले. "चार नंबरालाबी लांब हायती." आणि बांधावर खाली बसले.