पाठीमागची फळी

सांगलीतील एका हळदीच्या व्यापाऱ्याच्या घरी, स्वयंपाकघरात नवी कपाटे बसवून दोन वर्षे होतात न होतात तोच, एके सकाळी डाळींच्या डब्यांखाली पिवळसर भुकटी सांडलेली दिसली. बेसन असावे असे वाटून सुनेने ती पुसून घेतली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढीच. मग बिजागरीजवळच्या लाकडी पट्टीत टाचणीच्या टोकाएवढी छिद्रे आढळली. लाकडात भुंगेरे शिरले होते.

औषध मारणारा माणूस दुपारी आला. प्रत्येक छिद्रात सुईने औषध सोडावे लागेल, असे त्याने सांगितले. धान्य निवडताना सापडलेली अळी अलगद अंगणात नेऊन ठेवणाऱ्या आजी दारातच उभ्या राहिल्या. "आपण नीट पाहिलं नाही, म्हणून ते जीव इथं आले. आता त्यांना मारायचं?" त्यांना उत्तर देणे कोणालाच जमले नाही. औषधवाला परत गेला, आणि कपाटे उतरवून शेतावरच्या पत्र्याच्या खोलीत नेऊन ठेवण्यात आली.

पैसे बुडाले हे खरेच. परंतु व्यापाऱ्याला खटकत राहिले ते निराळेच. पोत्यात कोपरापर्यंत हात घालून तळाची हळद वर काढून पाहणाऱ्या या गृहस्थाने कपाटांचा सौदा मात्र वरच्या सनमायक्याच्या रंगावर आणि चौरस फुटाच्या भावावर केला होता.

या खेपेस त्याने भाव आधी विचारलाच नाही. येणाऱ्या प्रत्येक मिस्त्रीला तो म्हणे, "दहा वर्षांपूर्वी केलेलं एखादं स्वयंपाकघर दाखवा." दोघे पुन्हा फिरकले नाहीत. एक वयस्क मिस्त्री मात्र त्याच दिवशी त्याला एका जुन्या गिऱ्हाइकाच्या घरी घेऊन गेला. तिथे त्याने दर्शनी दारे उघडून दाखवली नाहीत. त्याने एक खण पूर्ण बाहेर काढला आणि पाठीमागच्या फळीवर बॅटरीचा उजेड धरला. सिंकखालचे प्लायवूड इतक्या पावसाळ्यांनंतरही फुगलेले नव्हते. पाण्याजवळ आयएस ७१० चा शिक्का असलेलेच प्लाय घ्यावे, त्यावर कारखान्यातच कीडरोधक प्रक्रिया झालेली असते. कोरड्या जागी आयएस ३०३ चालते, असे त्याने सांगितले. जुन्या कपाटांचे निदानही त्यानेच केले. सागाच्या गाभ्याला कीड सहसा लागत नाही. सालीलगतच्या पांढरट भागात मात्र पिष्ट असते आणि भुंगेरे तिथेच अंडी घालतात. पहिल्या सुताराने तोच भाग पट्ट्यांना वापरून वर रंग दिला होता. "सनमायका चिकटवण्याआधी या आणि उघडं लाकूड पाहा," एवढेच तो म्हणाला.

स्वाध्यायाच्या ग्रंथांसाठीही एक सागवानी कपाट करायचे होते. त्याच्या पॉलिशचा विषय मिस्त्रीनेच काढला. "आजी, जुनं पॉलिश चपड्याचं असतं, आणि चपडा लाखेच्या किड्यांपासून होतो. तुम्हाला चालेल का?" आजी क्षणभर त्याच्याकडे पाहतच राहिल्या. श्रावकाला वर्ज्य असलेल्या पंधरा कर्मादानांत लाक्षावाणिज्य आहे, हे त्यांना पाठ होते. आपल्या माहेरच्या कपाटाची चकाकी कशाची होती, हे मात्र त्यांनी कधी विचारले नव्हते. पूर्वी फळ्या चिकटवायला कातडी-हाडांपासून केलेला सरस वापरीत, हेही त्याच बोलण्यात निघाले. शेवटी अळशीच्या तेलाचे हात द्यायचे ठरले. त्याला तशी चकाकी येत नाही आणि प्रत्येक हात वाळायला वेळ लागतो. आजींची हरकत नव्हती.

भाव अर्थातच अधिक निघाला. घासाघीस झाली, ती सवय सुटत नाही. मिस्त्रीने मजुरीत थोडे सोडले, लाकडात काहीच सोडले नाही.

खालच्या कपाटांना त्याने जमिनीपासून चार इंच उंच पाय दिले. काम संपल्यावर त्याने आजींकडून मऊ केरसुणी मागून घेतली, ओणवे होऊन ती या टोकापासून त्या टोकापर्यंत भिंतीलगत फिरवली आणि कुठे अडत नाही ना, ते त्यांनाच वाकून पाहायला सांगितले.