कॉफीचं जॉइंट अकाउंट

आमच्या लहानपणच्या नागपुरात कॉफी ही पिण्याची वस्तू नव्हती, देण्याची होती. ती आजाऱ्याला देत, मुलगी पाहायला आलेल्या मंडळींना देत, दहावीच्या पोराला रात्री बाराला देत आणि उपासाला चहा सोडलेल्या आजीला देत. चांगला धडधाकट माणूस आपण होऊन ‘मला कॉफी हवी’ म्हणाला, तर घरातले त्याच्या कपाळाला हात लावून पाहत. तिच्यात दूध असे, साखर असे, जायफळ असे. कॉफी असे ती मिठासारखी, चवीपुरती. सदरच्या कॉफी हाउसात जाऊन काळी कॉफी पिणारे लोक असत, नाही असं नाही. पण ते एक तर वकील असत, नाही तर कवी. दोघांच्याही घरी मुली द्यायला लोक कचरत.

‘एक्स्प्रेसो’ हा शब्द आम्ही लग्नात शिकलो. रिसेप्शनच्या मांडवात, आइस्क्रीमच्या शेजारी, नळ्या आणि चाकं लावलेलं एक चकचकीत पिंप उभं असे. त्यामागचा माणूस मगात कॉफीची तयार पूड, साखर आणि दूध घाली, नळी आत बुडवी आणि रेल्वे इंजिनासारखी वाफ सोडी. पाच-सहा पोरं कानांवर हात ठेवून उभी असत. मग वर फेस, फेसावर चॉकलेटची भुकटी. त्या कॉफीत एस्प्रेसो सोडून सगळं होतं, हे मला पुढं पुष्कळ वर्षांनी कळलं. पण तिच्याइतका चविष्ट पदार्थ त्या काळी लग्नात दुसरा नव्हता, हे मी आजही शपथेवर सांगायला तयार आहे.

खरी एस्प्रेसो इटलीची. मिलानच्या लुइजी बेझ्झेरानं 1901 साली तिच्या यंत्राचं पेटंट घेतलं. ते यंत्र वाफेच्या जोरावर चाले, म्हणजे आमच्या लग्नातल्या पिंपाचं ते पणजोबाच. पुढं 1948 च्या सुमारास गॅज्जिया नावाच्या मिलानच्याच गृहस्थानं दांडा आणि स्प्रिंग लावून गरम पाणी भयंकर दाबानं कॉफीतून ढकललं. कपात कॉफीवर तपकिरी फेस आला. गिऱ्हाइकांना तो फेस खटकला, तेव्हा यानं ती कॉफीची मलई आहे असं सांगून टाकलं. ज्या बँकेत असा माणूस नोकरीला असेल तिचं एकही कर्ज बुडणार नाही.

हा सगळा अभ्यास मला करावा लागला तो आमच्या कन्येमुळे. ती दीड वर्षापासून बंगलोरला नोकरीला आहे. गेल्या दिवाळीत गुरुवारी आली आणि रविवारी गेली. त्या चार दिवसांत रोज सकाळी नऊच्या सुमाराला ती पायांत चपला सरकवायची आणि म्हणायची, ‘‘आई, मी जरा रामदासपेठेत जाऊन कॉफी पिऊन येते.’’ पहिल्या दिवशी हिनं तिच्यासाठी जायफळ घालून कॉफी केलीच होती. लेक जिना उतरून गेली आणि ही कप हातात धरून दारात उभी. कपावर साय धरेपर्यंत उभी होती. रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. पण दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी भाजी निवडता निवडता म्हणाली, ‘‘अहो, ते कॉफीचं मशीन घरी ठेवता येतं का हो?’’

मी बी.कॉम. आणि त्यात बँकेतला कारकून. आम्हां लोकांना प्रश्न विचारला की आम्ही उत्तर देत नाही, स्टेटमेंट तयार करतो. फुलस्केप कागद आडवा धरून मी रकाने आखले: किंमत, बार, वॉट, ग्राइंडर, गॅरंटी, शेरा. शेऱ्याचा रकाना मोठा ठेवला, कारण नोकरीतला माझा अनुभव असा, की खरी माहिती तिथंच येते.

किमतीपासूनच घाम फुटला. आतच दळायची सोय असलेली यंत्रं पंचवीस-तीस हजारांपासून सुरू होतात आणि लाखाच्या पुढं कुठं थांबतात ते मी पाहिलं नाही. बारचा रकाना त्याहून गमतीचा. एस्प्रेसो नीट उतरायला पाण्याचा दाब साधारण 9 बार लागतो. पण खोक्यांवर लिहिलेलं असतं 15, कुठं 20. आतला पंप मनात आणलं तर जास्तीत जास्त किती जोर लावू शकेल, त्याचा तो आकडा. आमच्या ठेवींच्या जाहिरातीत व्याजाच्या दराआधी बारीक अक्षरात ‘अप टू’ असतं ना, तसा. बर्डीवरच्या दुकानातल्या पोराला मी हे समजावून सांगायला गेलो.

‘‘काकाजी, वीस बार आहे न यात. घेऊन टाका न.’’

‘‘अरे, पण नऊच लागतात म्हणतात.’’

‘‘मंग काय झालं? अकरा शिल्लक राहतील न!’’

असा माणूस आमच्या कॅश काउंटरला हवा होता.

खरा पेच ग्राइंडरचा. आणि तो मला यंत्राच्या माहितीपुस्तकातून नाही, हिच्यामुळं समजला. मी वाचून दाखवत होतो, की बिया ऐन वेळी दळायच्या, कारण दळलेल्या कॉफीचा वास भराभर उडून जातो. दोन कपांसाठी साधारण 18 ग्रॅम कॉफी घ्यायची. 25 ते 30 सेकंदांत तिच्या दुप्पट, म्हणजे 36 ग्रॅम रस उतरायला हवा. दळण जाड झालं तर पाणी धावत सुटतं आणि कॉफी आंबट, पाणचट होते. फार बारीक झालं तर पाणी आतच अडतं, थेंब थेंब गळतं आणि कडू जहर होतं. ही म्हणाली, ‘‘म्हणजे लाडवाचं बेसन आणि पोळ्यांची कणीक. मग यात गिरणीच महत्त्वाची म्हणा ना!’’ हे एक वाक्य छापलं असतं तर त्या माहितीपुस्तकाची चाळीस पानं वाचली असती.

‘‘मग आपल्या मिक्सरात नाही का होणार?’’ मी विचारलं. ‘‘मिक्सर कापतो,’’ ही म्हणाली, ‘‘थोडं पीठ, थोडी भरड. दळतं ते जातं.’’ आणि खरोखरच, चांगल्या कॉफी-ग्राइंडरात पातं नसतं. दात्यांचे दोन भाग असतात, एक स्थिर आणि एक फिरता, मधल्या फटीवर दळणाचा जाडपणा ठरतो. इंग्रजीत त्याला ‘बर’ म्हणतात. आमच्या आजीच्या माजघरात ते होतं, फक्त त्याला गॅरंटी कार्ड नव्हतं.

आता ही गिरणी यंत्राच्या पोटातच घ्यावी, की वेगळी? इथं आमच्या शाखेत दोन तट पडले. हेडकॅशियर म्हणाले, ‘‘वेगळी घ्या. जॉइंट अकाउंट उघडताना सोपं असतं, बंद करताना दोघांच्या सह्या लागतात.’’ माणूस अनुभवी आहे. आत बसवलेला ग्राइंडर बिघडला की त्याच्यासोबत धडधाकट यंत्रालाही सर्व्हिस सेंटरची वारी घडते. सासऱ्यांना दवाखान्यात ठेवलं की सुनेचीही रजा जाते तसं. पुढं हात बसल्यावर नुसती गिरणी चांगली घ्यावी म्हटलं तर तेही जमत नाही. शिवाय बिया ठेवायचं भांडं बसतं यंत्राच्या डोक्यावर, आणि यंत्र तर तापणारच. त्यात आमचा मे महिना. पंचेचाळीस अंशात इथं माणसं भाजून निघतात, तिथं आधीच भाजलेल्या बियांची काय कथा! तेव्हा बिया लागतील तेवढ्याच टाकाव्या, बाकीच्या घट्ट डब्यात ठेवाव्या, एवढं मी शेऱ्यात लिहून ठेवलं.

दुसऱ्या तटाचं म्हणणं असं, की एकत्र घेतलं तर जागा एक, प्लग एक, आणि तेवढ्याच दर्जाची दोन यंत्रं वेगवेगळी घ्यायची म्हटली तर खर्च बहुधा जास्तच. यांत तथ्य होतं. आमचे एक निवृत्त मॅनेजर आहेत, मूळचे तंजावरकडचे. त्यांनी दोन्ही पक्ष मोडीत काढले. ‘‘पितळेचा फिल्टर घ्या. वरच्या भांड्याला भोकं, खाली रस. त्यात बिघडायला काय आहे?’’ वादात हरवता येत नाहीत अशी माणसं दाक्षिणात्य असतात आणि सकाळी सहाला उठलेली असतात. मी त्यांना नमस्कार केला. पण कन्या रामदासपेठेत जाते ती फिल्टर कॉफीसाठी नव्हे.

शेवटी स्टेटमेंटच्या तळाशी मी जमाखर्च मांडला आणि रविवारी हिच्यापुढं ठेवला. यंत्राची किंमत 65,000. आयुष्य पाच वर्षं धरलं तर वर्षाचा घसारा 13,000. आम्ही दोघं चहावाले. कन्या वर्षातून दोनदा येते, दिवाळीला चार दिवस आणि मे महिन्यात तीन, एकूण सात. रोजचे दोन कप धरले तर वर्षाचे 14. म्हणजे एका कपाला 928 रुपये 57 पैसे. बिया, दूध, वीज वेगळी.

हिनं चष्मा लावून कागद नीट वाचला. मला वाटलं, विषय मिटला.

‘‘आणि ती महिनाभर राहिली तर?’’

मी कॅल्क्युलेटर काढला. ‘‘साठ कप. 216 रुपये 67 पैसे.’’

‘‘दोन महिने?’’

‘‘108 रुपये 33 पैसे.’’

‘‘बघा, किती स्वस्त पडतं!’’

घसाऱ्यावर आम्हांला कॉलेजात पूर्ण एक प्रकरण होतं. त्यात हे उत्तर नव्हतं.

एकत्र की वेगळं, हेही तिनंच ठरवलं. ‘‘एकत्रच घ्या. ओट्यावर दीड फूट जागा आहे. आणि ती गेल्यावर एकच वस्तू झाकून ठेवावी लागेल. दोन-दोन नकोत.’’ मी स्टेटमेंटची घडी घातली.

यंत्र आलं ते दिवाळीच्या महिनाभर आधी, मुद्दाम. कारण ते आल्याबरोबर कॉफी देत नाही. दीड हजाराच्या वर वॉट खाणारं धूड ते, त्याला गीझरसारखा जाड पिनांचा प्लग लागला. मग बियांचा शोध. कॉफी म्हटलं की लोक चिकमगळूर आणि कूर्ग म्हणतात. तिथल्या बाबाबुडनगिरीवर बाबा बुदन नावाच्या फकिरानं येमेनातून सात बिया लपवून आणल्याची कथाही सांगतात. पण कॉफी आमच्या विदर्भातही होते म्हटलं तर नागपूरचाच माणूस हसतो. सातपुड्याच्या माथ्यावर, अमरावती जिल्ह्यात, चिखलदऱ्याला ती होते. थोडी होते, पण होते. परतवाड्याकडच्या एका सहकाऱ्यानं तिथून पाव किलो आणून दिली. कन्येला काय पाजायचं ते तिचं ती ठरवील. आपला सराव तरी गावच्या बियांवर व्हावा, असा माझा हिशेब.

सराव रात्री जेवणं झाल्यावर चाले, कारण दिवसा मी बँकेत आणि संध्याकाळी हिचा स्वयंपाक. मी वजन करी, ही दळी. ग्राइंडर असा ओरडे, की शेजारच्या काकूंनी दुसऱ्या दिवशी विचारलं, ‘‘काय जी, रात्री भिंतीला ड्रिल करून राहिले का?’’ पहिला रस नऊ सेकंदांत खाली. रंगानं पातळ चहा. दळण बारीक केलं तर दुसरा पंचावन्न सेकंद रडत बसला. हिनं कालनिर्णयच्या मागच्या पानावर रोजच्या नोंदी ठेवल्या: आकडा किती, सेकंद किती, चव कशी. चवीच्या जागी पहिले सहा दिवस ‘शी’ लिहिलेलं आहे, सातव्या दिवशी ‘बरी’. बाराव्या रात्री 18 ग्रॅम, 28 सेकंद, 36 ग्रॅम. मधाच्या रंगाची धार पडली, वर तो गॅज्जियाच्या मलईचा थर. दोघंही कपाकडं पाहत राहिलो. मग हिनं त्यात दूध घातलं, दोन चमचे साखर घातली आणि किसणीवर जायफळ घासलं.

‘‘अगं, हे काय?’’

‘‘तिच्या कपात नाही घालणार. हा आपला आहे.’’

चव, खरं सांगतो, लग्नातल्या कॉफीच्या जवळ जाणारी होती.

‘‘आतापर्यंत किती कप झाले हो?’’

‘‘एकेचाळीस.’’

‘‘मग आता काय भाव?’’

‘‘तीनशे सतरा रुपये सात पैसे.’’

‘‘अजून एक करू,’’ म्हणाली.

तो बेचाळिसावा पिऊन आम्ही दिवे मालवले तेव्हा साडेअकरा झाले होते. साडेबाराला दोघंही टक्क जागे. पंखा फिरतोय, चौकीदाराची काठी वाजतेय, आणि आम्ही दिवाळीचे दिवस मोजतोय: या वर्षी धनत्रयोदशीपासून भाऊबीजेपर्यंत सुट्टी टाकली तर किती कप होतील. एकाला ही उठून बसली.

‘‘फोन करू का तिला?’’

‘‘या वेळी? झोपली असेल ती.’’

‘‘दिवसभर तीच कॉफी पिते ना?’’ ही म्हणाली आणि फोन लावला.

जागीच होती.