कांचेचा तंतु आणि टिकाव

‘नेट गेलें’ ही हांक हल्लीं आमच्या अनसिंगास घरोघर ऐकूं येते. पण तें गेलें म्हणजे कोठें गेलें, हा विचार पदवीधर मंडळीहि क्वचितच करतात. तें आकाशांतून येतें अशीच बहुतेकांची समजूत! वस्तुतः त्याचा लांबचा सारा प्रवास जमिनीखालून किंवा समुद्रतळाशीं कांचेच्या तंतूंतून होतो.

या तंतूची जाडी १२५ मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा आठवा हिस्सा. प्रकाश ज्या गाभ्यांतून धांवतो तो तर अवघा ९ मायक्रोमीटर. कांच पुरेशी शुद्ध केल्यास तींतून प्रकाश दूरवर नेतां येईल, हें चार्ल्स काओ यांनीं १९६६ सालीं दाखविलें. त्याबद्दल त्यांस २००९ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

असा तंतु आपण होऊन फारसा तुटत नाहीं. त्याचा काळ म्हणजे टिकाव, आणि आतां जेसीबी. कोणी नळ टाकतो, कोणी रस्ता रुंद करतो. एकाचा दुसऱ्यास पत्ता नसतो. खोदण्यापूर्वीं विचारावें म्हणून केंद्र सरकारनें २२ मार्च २०२३ रोजीं ‘कॉल बिफोर यू डिग’ हें ॲपहि काढलें. पण विचारणें आम्हां लोकांस कमीपणाचें वाटतें, त्यास काय करावें? गेल्या पावसाळ्यांत असाच तंतु तुटला, तेव्हां पेन्शनीसाठीं खेड्यावरून आलेल्या एका म्हातारीस ‘लाइन नाहीं’ एवढेंच उत्तर मिळालें. औषधावांचून ती परत गेली.

तूट शोधण्याची युक्ति मात्र मोठी सुंदर आहे. तंतूंत प्रकाशाचा क्षणिक ठोका सोडतात. त्याचा कांहीं अंश तुटक्या टोंकावरून परततो. कांचेंत प्रकाश सेकंदास सुमारें २ लाख किलोमीटर जातो. परतण्यास ८० मायक्रोसेकंद लागले तर तूट ८ किलोमीटरांवर समजावी. आडांत खडा टाकून खोली अजमावावी तसेंच हें! मग कारागीर तेथें जाऊन दोन्ही टोंकें साफ कापतो व विजेच्या ठिणगीनें वितळवून सांधतो. भर पावसांत छत्रीखालीं हें काम करणारीं दोन पोरें आम्हीं त्या वेळीं पाहिलीं. त्यांचें नांव कोणी विचारीत नाहीं.

तथापि सांधणारा कितीहि चपळ असला तरी तास दोन तास जाणारच. खरा उपाय दुसरी वाट हाच. तंतूंचें कडें केलें म्हणजे एक बाजू तुटतांच प्रकाश उलट दिशेनें फिरतो. चांगल्या कड्यांत ५० मिलिसेकंदांत. एकत्र कुटुंबांत एक सून आजारी पडली तरी चूल विझत नाहीं, तसें. ग्रामपंचायतींसाठीं २०११ सालीं मंजूर झालेल्या योजनेंत (पुढें तिला भारतनेट म्हणूं लागले) बहुतेक गांवें एकेरी फांट्यावर टांगलेलीं होतीं. ४ ऑगस्ट २०२३ रोजीं मंजूर झालेल्या सुधारित योजनेंत कड्याची रचना स्वीकारली, व १० वर्षांच्या देखभालीचीहि तरतूद केली. हें उत्तम झालें.

मात्र दोन वाटा खरोखर दोन हव्यात. ३० जानेवारी २००८ रोजीं ईजिप्तांतील अलेक्झांड्रियाजवळ समुद्रांतील दोन तारा एकदमच तुटल्या आणि येथें मुंबईपर्यंत कामें रखडलीं. एकाच चरांत दोन तारा पुरून कागदावर कडें दाखविणारे महाभाग आपल्याकडेहि निघतील. म्हणून एक वाट वाशीमकडची धरली तर दुसरी पुसदेकडूनच आणावी, असा अर्ज आम्हीं लिहिला असून त्यावर गांवकऱ्यांच्या सह्या घेणें चालूं आहे.