पिओरियातले घारगे

इलिनॉय राज्यातल्या पिओरिया शहराजवळ मॉर्टन नावाचं लहानसं गाव आहे. शरद ऋतू लागला की तिथल्या लिबीजच्या कारखान्यासमोर भोपळ्यांनी भरलेल्या गाड्यांची रीघ लागते. थँक्सगिव्हिंगच्या पायसाठी अमेरिकेत जो डबाबंद भोपळा खपतो, त्याचा मोठा वाटा याच भागातला. २००९ साली ऐन काढणीत पाऊस ठाण मांडून बसला, शेतांत यंत्रं शिरेनात आणि देशभर या डब्यांचा तुटवडा पडला.

नवऱ्याच्या नोकरीपायी पिओरियात आलेल्या संगमेश्वरकडच्या एका बाईंचं अर्धं आयुष्य आता या भोपळ्यांच्या शेजारात गेलं आहे.

लहानपणी भोपळा त्यांना विकतचा माहीत नव्हता. वेल मांडवावर चढायचा आणि जून झालेली फळं माळ्यावर जायची. नवरात्रात उपवासाला तुपाजिऱ्याची भाजी, एरवी दही आणि फेसलेली मोहरी घालून भरीत. आणि कोणी पाहुणा यायचा असला की घारगे. आई किसलेला भोपळा तुपावर परतायची, गूळ घालायची, पाणी आटेपर्यंत ढवळायची आणि गरम असतानाच त्यात तांदळाचं पीठ मिसळायची. लग्नानंतर पुण्यात आल्यावर भोपळा मंडईत फोडीने मिळू लागला. दोघांच्या संसाराला पाव किलो पुरायचा.

पिओरियात ऑक्टोबरमध्ये दारोदार भोपळे मांडलेले, पण ते हॅलोविनचे. कोरून आत दिवा ठेवायला उत्तम, खायला पाणचट आणि रेषाळ. घारग्यांना लागणारा घट्ट, गोड गर त्यांना सापडला तो शेजारच्या आजींच्या ओट्यावर. डिकिन्सन जातीचा तो भोपळा फिकट बदामी सालीचा, लांबोडका, दिसायला अगदीच सामान्य. कारखान्यात जातो तोही हाच. त्याची प्रजाती कुकुर्बिटा मोस्काटा, म्हणजे आपल्याकडच्या लाल भोपळ्याचीच. या प्रजातीचं मूळही अमेरिका खंडातलंच. तिथून ती समुद्रमार्गे आपल्याकडे आली. खरं तर उपवासाच्या ताटातले बटाटा, रताळं, शेंगदाणा, मिरची आणि साबुदाण्याचा कंद हे सगळेच त्या बाजूचे. आईच्या सोवळ्याला या पाहुण्यांची कधीच अडचण झाली नव्हती.

आजी त्या भोपळ्याचं पंपकिन बटर करत. यात लोणी अजिबात नसतं. भोपळा चिरून, बिया काढून, पालथा घालून ओव्हनमध्ये सुरी सहज शिरेपर्यंत भाजायचा. गर वाटून त्यात ब्राउन शुगर, सफरचंदाचा रस, दालचिनी, सुंठ, जायफळ, लवंग आणि चिमूटभर मीठ घालून मंद आचेवर आटवायचं. रटरटायला लागलं की हातावर चटके उडतात, म्हणून डाव लांब दांड्याचा हवा. थंड बशीत चमचाभर घातल्यावर कडेने पाणी सुटलं नाही, की झालं.

बाईंनी बशीतलं चाखलं आणि त्यांच्या लक्षात आलं, की पीठ पडण्याआधीचे आईचे घारगे ते हेच.

एका बाबतीत मात्र त्या आजींपेक्षा कडक आहेत. जुन्या पद्धतीने बरण्या उकळून हवाबंद करायच्या आणि वर्षभर फडताळात ठेवायच्या, हे त्या करत नाहीत. भोपळ्यात आंबटपणा कमी आणि गर दाट, त्यामुळे उष्णता बरणीच्या मध्यापर्यंत सारखी पोचेलच असं नाही. बोट्युलिझमच्या जंतूंचे बीजाणू उकळत्या पाण्यातही तग धरतात आणि हवाबंद बरणीत विष तयार करू शकतात. लिंबू पिळून भागत नाही, कारण प्रत्येक भोपळ्याची आम्लता वेगळी. अमेरिकी कृषी खात्याच्या मार्गदर्शिकेत घरी हवाबंद करायला भोपळ्याच्या फक्त फोडींना, तेही प्रेशर कॅनरमध्ये, परवानगी आहे. कुस्करलेल्या गराला नाही. म्हणून आठवड्यापुरतं फ्रिजमध्ये आणि बाकीचं लहान डब्यांतून फ्रीझरमध्ये.

हे डबे हिवाळाभर निघत राहतात. मुलगी ते टोस्टवर लावते, नवरा ओटमीलमध्ये घालतो. बाई कधी शिऱ्यात साखरेऐवजी वापरतात, कधी लाल मिरची आणि व्हिनेगर घालून त्याची चटणी करतात. दिवाळीसाठी मात्र एक वेगळा घाणा निघतो. त्यात गूळ घालतात, दालचिनी आणि लवंग वगळतात, जायफळ राहू देतात. फराळाच्या दिवशी तो गर गरम करून त्यात मावेल तेवढं तांदळाचं पीठ आणि थोडी कणीक मळतात, प्लास्टिकच्या कागदावर घारगे थापतात आणि तळतात. शेजारच्या आजी ते मेपल सिरपबरोबर खातात.