अर्ध्या इंचाची चूक

आमच्या धर्मग्रामाच्या सभागृहाला लागून एक लहानसे प्रसाधनगृह आहे. त्याच्या दाराची चौकट आम्हांला दोनदा बसवावी लागली. पहिली चौकट का काढावी लागली, हे सांगण्यासाठीच हा लेखप्रपंच. ते सांगताना आमची मान थोडी खाली जाते. परंतु इतरांना पापनिवेदनाचे महत्त्व पटवून देणाऱ्याने स्वतःची चूक झाकून ठेवावी, हे काही बरे दिसत नाही.

१९९३ सालापासून ख्रिस्तसभा ११ फेब्रुवारी हा लूर्दमातेचा सण जागतिक रुग्ण दिन म्हणूनही पाळते. त्या दिवशी आम्ही धर्मग्रामातील आजारी व वृद्ध माणसांना मिस्सेसाठी आणतो आणि नंतर सभागृहात सर्वांचे जेवण होते. चाकाच्या खुर्चीवर येणाऱ्या कित्येक आज्या त्या दिवशी सकाळपासून पाण्याचा थेंबही घेत नसत. सभागृहाच्या जुन्या प्रसाधनगृहाला तीन पायऱ्या होत्या आणि आपल्यामुळे चारचौघांची तारांबळ उडू नये, एवढाच त्यांचा हेतू होता. ही गोष्ट आमच्या कानी फार उशिरा आली. आली तेव्हा मात्र आम्ही पायऱ्या नसलेले नवे प्रसाधनगृह बांधण्याचे ठरविले.

धर्मग्रामातीलच एका तरुण आर्किटेक्टने विनामूल्य नकाशे करून दिले आणि ते संगणकाच्या पत्राने पाठविले. नकाशा ए-टू आकाराच्या कागदासाठी होता, प्रमाण १:५०. म्हणजे कागदावरील एक इंच तो जागेवर पन्नास इंच. आम्ही ती फाईल घेऊन छपाईच्या दुकानात गेलो. ए-टू कागद मोठा, आमच्या कपाटातील फोल्डरमध्ये मावणारा नव्हे. "ए-थ्रीवर बसवून द्या," असे आम्हीच सांगितले. दुकानदाराने बसवून दिले. नकाशा स्वच्छ, सुबक आला. खोलीची लांबी-रुंदी आकड्यांत लिहिलेली होती. दारापाशी मात्र केवळ एक खुणेचे अक्षर होते. दारांचे कोष्टक दुसऱ्या कागदावर होते आणि तो कागद आम्ही छापूनच घेतला नव्हता.

सुताराने नकाशावर टेप लावला. दार अर्धा इंच भरले. पन्नासपट केल्यावर पंचवीस इंच झाले. प्रसाधनगृहाचे दार साधारणतः लहानच असते, म्हणून त्याला शंका येण्याचे कारण नव्हते. त्याने चौकट केली, गवंड्याने तिच्याभोवती भिंत चढविली, रंगही लागला.

रुग्ण दिनी जेवणानंतर एका आजींना त्यांची सून तेथे घेऊन गेली. खुर्ची दारात अडकली. ती बाहेरून सव्वीस इंच रुंद होती. एका इंचासाठी आजी दारातच थांबल्या, मागे रांग लागली. "राहू दे गं, घरी जाऊ," असे त्या हळूच म्हणाल्या. तो स्वर आजही आमच्या कानांत आहे.

आम्ही सुताराला बोलावून घेतले आणि चार माणसांसमोर त्याला नको ते बोललो. तो काही बोलला नाही. थोड्या वेळाने त्याने खिशातून नकाशाची घडी काढली, टेबलावर पसरली आणि टेप लावला. "फादर, तुम्हीच बघा. अर्धा इंच. पन्नासपट पंचवीस. माझं कुठं चुकलं?"

आमच्यापाशी उत्तर नव्हते. रात्री आर्किटेक्टला दूरध्वनी केला, तेव्हा तो चकित झाला. त्याने दार ९०० मिलिमीटर, म्हणजे सुमारे साडेपस्तीस इंच मोकळे ठेवले होते. "नकाशाच्या खाली मापाची एक पट्टी काढली आहे, तिच्यावर पट्टी ठेवून पाहा," तो म्हणाला. पाच मीटर दाखविणारी ती पट्टी १०० मिलिमीटर भरायला हवी होती. ती जेमतेम ७० भरली.

वाचकहो, संगणकावर नकाशा काढणारा भिंत भिंतीएवढीच काढतो. तीन मीटरची भिंत तेथे तीन मीटरचीच असते. कागदावर उतरण्याची वेळ येते तेव्हाच प्रमाण जन्माला येते. मग त्या नकाशाची पीडीएफ होते आणि कागदाचा आकार तिच्यात नोंदलेला असतो. हे सारे बिनचूक असले, तरी छापणारे यंत्र अखेरच्या क्षणी मदतीला धावून येते. कागद लहान दिसला की ते चित्र आक्रसून बसविते. कागद योग्य आकाराचा असला, तरी कडेची कोरी जागा सोडण्यासाठी ते कधीकधी शेकडा तीन-चार टक्के चोरते. कोपऱ्यातील अक्षरे मात्र '१:५०' असेच सांगत राहतात.

ए-मालिकेतील कागदांचे गणित मोठे सुंदर आहे. ए-झीरोचे क्षेत्रफळ एक चौरस मीटर. तो मधोमध दुमडला की ए-वन, तो दुमडला की ए-टू. क्षेत्रफळ निम्मे होते, बाजू मात्र निम्मी होत नाही, सुमारे ७१ टक्के उरते. म्हणून ए-टूवरचा १:५० चा नकाशा ए-थ्रीवर साधारण १:७१ चा होतो आणि असे प्रमाण कोणत्याही मापपट्टीवर नसते. ए-वनचा नकाशा ए-थ्रीवर नेला, तर दोन पायऱ्या उतरल्याने तो नेमका निम्मा, म्हणजे १:१०० चा होतो. तो निदान पट्टीने वाचता तरी येतो.

आम्ही सेमिनरीत होतो तेव्हा तेथील एका इमारतीचे काम चालू होते. त्या काळी अमोनिया प्रिंट असत. ट्रेसिंग कागद संवेदनशील कागदावर ठेवून प्रकाश द्यायचा आणि अमोनियाच्या वाफेने रेघा उमटवायच्या. तो उग्र वास अजून आठवतो. कागदाला कागद भिडलेला असल्यामुळे मूळ जेवढे, तेवढीच प्रत निघे. बसवून देण्याची सोयच नव्हती, म्हणून ही चूकही नव्हती.

आमच्या मनाला अधिक लागली ती दुसरीच गोष्ट. वाकडी रेघ डोळ्यांना खुपते. सर्वच अंगांनी सारखा लहान झालेला नकाशा खुपत नाही. भिंती, खिडक्या, दार, सारे एकमेकांशी प्रामाणिकच राहते. कागदाकडे कितीही वेळ पाहत बसलो, तरी चूक दिसत नाही. बाहेरचे एखादे खरे माप त्याला लावावे लागते. यहेज्केलच्या ग्रंथाच्या चाळिसाव्या अध्यायात मंदिर मोजणारा पुरुष मोजकाठी घेऊन येतो. तेथे काठी सहा हात लांब होती आणि तो प्रत्येक हात नेहमीच्या हातापेक्षा चार अंगुळे मोठा होता, हे मोजणी सुरू होण्यापूर्वीच सांगितले आहे. पूर्वी आम्हांला तो तपशील रुक्ष वाटे. आता वाटत नाही. माणसांविषयीही असेच घडते. आपल्या सोयीच्या कागदावर आम्ही दुसऱ्याचे दुःख बसवून घेतो. ते नीटनेटके दिसते आणि अडकलेली खुर्ची समोर येईपर्यंत काही चुकले आहे असे वाटतही नाही.

पुढच्या खेपेस आम्ही आर्किटेक्टलाच बरोबर नेले. प्लॉटरवर ए-टू कागद, छपाईच्या खिडकीत 'फिट' ऐवजी 'ॲक्च्युअल साइझ', म्हणजे शंभर टक्के. दुकानातून निघण्यापूर्वी मापाच्या पट्टीवर पोलादी पट्टी ठेवली: बरोबर १०० मिलिमीटर. दारांचे कोष्टकही छापले. तरीसुद्धा लिहिलेले माप असेल तेथे नकाशावर टेप लावायचाच नाही आणि लिहिलेले नसेल तेथे विचारायचे, असा नियम ठरला. मोबाइलवर पाठविलेल्या नकाशाच्या छायाचित्रावरून तर काहीच मोजायचे नाही, कारण त्याला प्रमाण असे नसतेच.

सुताराची क्षमा आम्ही रविवारी मिस्सेनंतर, चारचौघांसमोरच मागितली. कारण बोललोही चारचौघांसमोरच होतो. दुसऱ्या चौकटीची मजुरी त्याने घेतली नाही. लाकडाचे पैसे मात्र आम्ही त्याच्या हातात बळेच ठेवले.

पुढच्या फेब्रुवारीत त्या आजी पुन्हा आल्या. जेवताना त्यांनी दोन पेले पाणी प्यालेले आम्ही दुरून पाहिले.